बोट न दाखवता

उस्त्याहून निघताना
शाणू माजिकनं माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं
आणि काही बोलला नाही.
त्याच्या पायात रबरी चप्पल,
एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला.
काजूच्या मोहराचा आंबूस वास,
आणि खाली म्हादई, माघातली,
दगडांच्या मधून वाट विचारत चाललेली.

सव्वीस वर्षं मी खाणीवर मोजणीला होतो.
डोंगर म्हणजे उतार, बेंच, टक्केवारी.
पक्षी ओळखीचा एकच:
डंपरच्या आरशात स्वतःशी भांडणारा शिंजीर.
ड्रायव्हर त्याला हाकलायचा नाही,
आरशावर फडकं टाकून जेवायला जायचा.

वेताच्या जाळीपाशी शाणू थांबला.
कुठंय, म्हणत मी बोट उचललं.
त्यानं ते मुठीत धरून खाली केलं,
पोराचं धरतात तसं, कोवळ्या दोडक्यापुढं.
"बोट दाखवलं की कुजतं.
मग दोडका काय नि पक्षी काय."
आणि हनुवटी जराशी वर.
एक वाळकं पान.
त्याला टेकून दुसरं वाळकं पान.
दुसऱ्यानं डोळा किलकिला केला
आणि मिटला.
बेडूकमुखी. जोडी.
किती वेळ उभे होतो कोण जाणे,
मच्छर मात्र मोजून जेवले.

मग झाडी संपली आणि नदीचं हाड दिसलं.
काळा कातळ, त्यात रांजण,
घागरी, उखळं, परातीएवढी तोंडं,
दोन रांजणांमधली भिंत झिजून
एकाचं पाणी दुसऱ्यात डोकावणारं.
एकाची कड इतकी गुळगुळीत
की हात ठेवला तर वाटलं
कुणाच्या तरी खांद्यावर ठेवला.
"ह्यात आमची आये वेत भिजत घालायची,"
शाणू म्हणाला, "टोपल्यांना.
एकदा पूर आला नि सगळा वेत सावर्ड्याला."
हसला. मग गप्प.

माझ्या खिशात अजून टेप असते.
सोडली. दोन मीटर दहा.
तळाशी नारळाएवढा एक गोटा,
एकटा, नितळ पाण्यात.
हाच गरगरत राहिला शेकडो पावसाळे,
ह्यानंच खणलं, आणि खणता खणता
स्वतःही गोल झाला.
आमच्या खड्ड्यांत मागं कुणी राहिलं नाही.
हिरवं पाणी तेवढं,
आणि काठावर पोहायला मनाईची पाटी.

डोक्यावरून आवाज गेला,
कुणी घाईनं सुपात भात पाखडावं तसा.
धनेश. मागून दुसरा.
तिसऱ्याची वाट पाहत आम्ही
भाकरी सोडली: नाचणीची, तोराच्या चटणीसोबत.
तिसरा आलाच नाही.
"मादी ढोलीत असंल," शाणू म्हणाला,
"लिंपून घेतलेली. नर चारतो फटीतून."
आणि अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

उतरणीला एक दरड सुटलेली.
मी वाकलो. सवय.
लहानसा तुकडा, पण तळहाताला
वजन आधी कळतं, डोळ्याला नंतर.
पट्टे. राखाडी, मग लाल, मग राखाडी.
अंगठा घासला. लाल.
साठच्या वरचा माल, कमी नाही;
आणि पट्टा वळून
वेताच्या जाळीच्या दिशेनंच गेलेला.

"ह्यात काय असतं का हो?"
शाणूनं सहज विचारलं,
चपलेची सुतळी आवळता आवळता.

"काही नाही," मी म्हणालो. "दगड."

तुकडा पालथा ठेवला, होता तिथंच.
ओघळात अंगठा धुतला.
नखाच्या कडेला रेघ राहिली,
ती पुन्हा धुतली.
शाणूनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं
आणि काही बोलला नाही.

थोडं पुढे गेल्यावर, कुजबुजत:
"कर्णा. लाल पोटाचा.
फणसाच्या त्या आडव्या फांदीवर."
मी दोन्ही हात पाठीमागे बांधले
आणि वर पाहिलं.